ॲमीटरमधला ॲ, नवऱ्यातला ऱ्या

हार्बर लाइनने मानखुर्द सोडलं की गाडी खाडीच्या पुलावर चढते आणि पलीकडे नवी मुंबई सुरू होते. या पुलावरून लोकल वाशीला पोचली ती १९९२मध्ये. त्याच वर्षी पुलाच्या अलीकडच्या टोकाला, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्या कायमच्या जागेत राहायला आलं. पुलाच्या पलीकडे सात स्टेशनं गेलं की खारघर. तिथे स्टेशनासमोरच सीडॅकची इमारत आहे. या दोन ठिकाणी काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या आधीच्या पिढीने गेल्या पन्नास वर्षांत एका प्रश्नाची वेगवेगळी टोकं धरून ठेवली आहेत. मराठीत शिकणाऱ्या मुलाला प्रश्न विचारता येईल आणि उत्तर मिळेल असं पान कसं करायचं, हा तो प्रश्न. पान आधी छापील होतं, मग पडद्यावर आलं, मग हलायला लागलं. त्या हलत्या पानांचा हा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पानं आता हलत नाहीत, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

होमी भाभा केंद्र सुरू झालं १९७४मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली, आणि त्याचा पहिला मुक्काम होता नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. हा पत्ता महत्त्वाचा आहे. मूलभूत संशोधन करणारी माणसं पालिकेच्या शाळेत बसली, तेव्हा त्यांना जे दिसलं ते कुलाब्याच्या समुद्रासमोरून दिसलं नसतं. केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी भौतिकशास्त्रज्ञ होते. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत आणि मुंबईतल्या पालिका शाळांत केलेल्या कामातून त्यांच्या हाती लागलेली गोष्ट ऐकायला साधी वाटते. मुलं विज्ञानात अडत नव्हती, विज्ञानाच्या पुस्तकातल्या मराठीत अडत होती. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी १९८१च्या सुमारास या भाषेच्या अडथळ्यावर लिहिलं. ज्यांच्या घरात पुस्तकी मराठी बोलली जात नाही, त्या मुलाला 'विभवांतर' हा शब्द परभाषेतलाच असतो. वाक्य लहान करा, नाम-विशेषणांची माळ सोडवा, मग बघा, असं त्यांचं सांगणं होतं.

ही गोष्ट संगणकाच्या आधीची आहे, तरी मी ती इथे मुद्दाम पहिली घेतोय. पुढे तंत्रज्ञान आलं तेव्हा अनेकांचा समज असा झाला, की मजकूर पडद्यावर आणला, त्याला चित्र जोडलं, बटण दिलं, की मुलाची अडचण सुटते. नाना चौकातल्या शाळेत सापडलेला अडथळा बटणाने हलणारा नव्हता.

आता जुहूला जाऊ. टाटा संस्थेच्याच पोटातून संगणकतंत्राचं एक केंद्र निघालं आणि १९८५मध्ये त्याचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी झालं. संचालक होते एस. रमाणी. भारतातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट जाळ्याच्या उभारणीत या संस्थेचा मोठा वाटा होता. ईमेल म्हणजे काय हे सांगावं लागायचं, त्या काळातलं हे काम. एनसीएसटीने नंतर नवी मुंबईत खारघरला जागा घेतली आणि २००३मध्ये ती पुण्याच्या सीडॅकमध्ये विलीन झाली. म्हणून आज खारघरच्या इमारतीवर सीडॅकचं नाव दिसतं.

याच एनसीएसटीत र. कृ. जोशी काम करत होते. जाहिरात क्षेत्रातून आलेला, आयआयटीत शिकवून झालेला, अक्षरांची चित्रं काढणारा आणि कविता करणारा हा माणूस एका सॉफ्टवेअर संस्थेत काय करत होता? तो संगणकाला देवनागरी लिहायला शिकवत होता. विंडोज २०००बरोबर 'मंगल' हा टंक जगभरच्या संगणकांवर गेला, तो जोशींच्या हातचा. 'रघु' हा दुसरा टंक एनसीएसटीने मुक्त परवान्याखाली दिला. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या सुरुवातीच्या लोकांना तो चांगला आठवत असेल. २००८मध्ये जोशी गेले. आज शाळकरी मुलगा फोनवर मराठी वाचतो तेव्हा त्यामागे असे हात असतात.

हे काम का करावं लागलं, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नव्वदच्या दशकात वेबवर मराठी दिसत होतीच. वर्तमानपत्रांची संकेतस्थळं होती, हौशी मंडळींची पानं होती. पण ती मराठी खोटी होती. संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असायचे आणि त्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार चढवलेला टंक तुमच्याकडे असेल, तरच ते मराठी म्हणून दिसायचं. टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. प्रत्येक कंपनीची टंकव्यवस्था निराळी. एका टंकातला 'क' दुसऱ्यात गेला की त्याचा 'ठ' व्हायचा.

वाचायला एवढं चालून जायचं. पण शिकवायला? समजा पानाने विचारलं, 'दोरीला टांगलेल्या आणि झुलणाऱ्या वजनाला काय म्हणतात?' मुलाने लिहिलं 'दोलक'. आता हा शब्द पानात ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघायचा, तर दोन्हीकडे एकच टंक हवा, टंकणाऱ्याने अक्षराचे तुकडे एकाच क्रमाने जोडलेले हवेत. नाहीतर बरोबर उत्तर चूक ठरणार. शोधयंत्राला तर असा मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची रांग. संवाद होण्यासाठी दोन्ही बाजूंनी एकाच भाषेत बोलावं लागतं, आणि संगणक तोवर मराठीत बोलतच नव्हता. तो मराठीचं चित्र दाखवत होता.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून होती. तिची मांडणी इस्की या भारतीय संकेतमानावर, १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. मानक होतं, पण ते घरच्या संगणकावर उतरायला दहा-पंधरा वर्षं गेली. विंडोज एक्सपीत कंट्रोल पॅनेल उघडून, मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांची सोय बसवावी लागे. पुढे सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. आपण त्या काळात 'मराठी लोक रोमन लिपीत का लिहितात' म्हणून गळा काढत होतो. निम्मं उत्तर फोनमध्येच होतं.

त्यातही मराठीची आणखी दोन दुखणी होती, आणि ती हिंदीवाल्यांना नव्हती.

पहिलं दुखणं 'ॲ'चं. विज्ञानाच्या वर्गात या अक्षराशिवाय पान हलत नाही: ॲमीटर, ॲसिड, ॲल्युमिनियम, ॲनोड. युनिकोडमध्ये या स्वराला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोक 'अ'वर अर्धचंद्र चढवून काम भागवत. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकासाठी एक अक्षर आणि दोन अक्षरं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पद्धतीने लिहिलेला ॲमीटर नव्या पद्धतीने शोधला, तर साध्या शोधात तो सापडत नाही. मराठी विज्ञानाच्या मजकुराचा एक मोठा थर त्यामुळे दुसऱ्या थरापासून आपोआप तुटला.

दुसरं 'ऱ्या'चं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खाचा. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचं सांगायचं. हा फरक हिंदीत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या यंत्रणेला तो जाणवतही नाही. युनिकोडच्या तक्त्यात 'ऱ' हे अक्षर आहे, आणि त्यापुढे टीप आहे ती द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून. त्याच्या अर्ध्या रूपातून मराठीचा पापणीसारखा दिसणारा र मिळतो. हाच आकार नेहमीच्या 'र'ला हलंत आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही मिळतो. म्हणजे एकच 'नवऱ्या' दोन प्रकारे साठवलेला असू शकतो, आणि जोडचिन्ह कुठे गळलं की तो 'नवर्या' होतो. हे क्षुल्लक वाटत असेल, तर थोडं थांबा. पुढे एक लाख ओव्यांची गोष्ट येणार आहे आणि ओव्यांत नवरे, सासरे आणि शेजारी पानोपानी आहेत.

*

लिपीचा पाया असा घातला गेल्यावर खारघरमध्ये जे उभं राहिलं, ते ऑनलाइन लॅब्ज किंवा ओलॅब्ज नावाने ओळखलं जातं. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईची सीडॅक यांनी मिळून, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या पैशावर केलेलं हे काम. नववी ते बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रयोग, शिवाय गणित, सगळं फुकट, इंग्रजीबरोबर हिंदी, मल्याळम आणि मराठीतही.

एखाद्या प्रयोगाचं पान उघडलं तर काय दिसतं? वर फितींसारखे विभाग: सिद्धांत, कृती, ॲनिमेशन, सिम्युलेटर, व्हिडिओ, मग तोंडी परीक्षेसारखे प्रश्न. ओहमचा नियम घ्या. तारा जोडायच्या, कळ दाबायची, रिओस्टॅट सरकवायचा, व्होल्टमीटर आणि ॲमीटरवरचे आकडे वाचायचे, तक्ता भरायचा. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट आणि त्याची किल्ली निवृत्त शिक्षकाबरोबर गेलेली, तिथे ही मोठी सोय आहे. तार चुकीची जोडली तर फ्यूज उडत नाही, बल्ब जळत नाही, सर ओरडत नाहीत. मूल पन्नास वेळा चुकू शकतं. आपल्याकडच्या शाळेत प्रयोगाचं साहित्य फुटेल या भीतीने ते पन्नास मुलांना मिळून एकदा दाखवलं जातं. त्यामुळे चुकण्याची मुभा हीच मला या पानांची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

पण आभासी ॲमीटर फार आज्ञाधारक असतो. खऱ्या प्रयोगात काटा थरथरतो, सेल उतरलेला असतो, तारेच्या टोकावर गंज असतो, आणि आलेख सरळ येत नाही. तो का आला नाही हे शोधताना विज्ञान कळतं. सिम्युलेटरवर आलेख सरळच येतो. तिथे मूल नियम पडताळत नाही, नियम मान्य करतं. हे बनवणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधीची आणि नंतरची तयारी म्हणून ही पानं वापरा, असंच सगळे जाणते सांगतात. पण ज्या शाळेत प्रत्यक्ष प्रयोगच नाही, तिथे आधी आणि नंतर कशाच्या?

दुसरी अडचण अधिक इथली आहे. या प्रयोगांची आखणी मुख्यतः एनसीईआरटी आणि सीबीएसईच्या अभ्यासक्रमावर झाली. राज्य मंडळांच्या अभ्यासक्रमाशी नंतर मेळ घातला गेला, पण चौकट ती. सीबीएसईच्या शाळेत विज्ञान मराठीतून शिकवत नाहीत. मराठीतून विज्ञान शिकणारं मूल बालभारतीचं पुस्तक वाचतं, आणि त्यातही गेल्या काही वर्षांत गावोगावच्या मराठी शाळांनी सेमी-इंग्रजीची पाटी लावली, म्हणजे बाकी सगळं मराठीत आणि नेमकं गणित-विज्ञान इंग्रजीत. मराठी प्रयोगशाळा तयार होत होती तेव्हा तिची गिऱ्हाइकं दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहत होती. यात खारघरच्या लोकांचा दोष नाही. आई-वडिलांचाही नाही. पण मराठीत उत्तम प्रयोगपान करून ठेवणं आणि मराठीत विज्ञान शिकणारा वर्ग टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं झालं की दुसरं झाल्यासारखं आपल्याला वाटतं.

याच्या अगदी उलट्या टोकाला पुणे. आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिथे २००३पासून अकरा वर्षं अरविंद गुप्ता यांनी काम केलं. आयआयटी कानपूरमधून १९७५मध्ये बाहेर पडलेला, टेल्कोत नोकरी करणारा हा इंजिनिअर १९७८मध्ये रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथे त्याला सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या यांचं भूमितीशी असलेलं नातं सापडलं. त्यांचं संकेतस्थळ दिसायला गरीब आहे. खेळण्याचं नाव, कृतीचे पाच-सहा फोटो, दोन ओळी. पुढे एक-दोन मिनिटांच्या फिल्म आल्या, त्यांचं निवेदन मराठीसह कितीतरी भाषांत झालं. आणि शेजारी पुस्तकांचा ढीग, हजारोंनी, मराठी पुस्तकांसकट, कुणीही उतरवून घ्यावीत.

पडद्यावर काहीच हलत नाही, म्हणून याला कुणी 'संवादी' संकेतस्थळ म्हणणार नाही. पण हे पान मुलाला सांगतं की आता उठ, स्वयंपाकघरातून काड्यापेटी आण. मग जे हलतं ते मुलाच्या हातात हलतं. चुंबक, तांब्याची तार, दोन सेफ्टी पिना आणि एक सेल यांची मोटर फिरत नाही तेव्हा तारेवरचं लाखेचं आवरण नीट खरवडलं नाही हे शोधावं लागतं, आणि ती थरथर, तो गंज, सगळं परत येतं. माझा कल कुठे आहे हे लपवत नाही. तरी रसायनशास्त्राचं टायट्रेशन काड्यापेटीतून होत नाही, हेही खरं. अकरावीच्या मुलीला ब्युरेट हवी, ती नसेल तर ब्युरेटचं चालतं चित्र तरी हवं.

*

मग ३१ डिसेंबर २०२० आला.

त्या दिवशी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि १२ जानेवारीपासून फ्लॅश प्लेअरने चालायचंच बंद केलं. घोषणा २०१७मध्येच झाली होती. त्याआधी २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्जनी आयफोनवर फ्लॅश का नाही याचं जाहीर पत्र लिहिलं, तेव्हाच जाणत्यांनी ओळखलं होतं. तोवर शिक्षणाच्या वेबवर जे जे हलत होतं, त्यातलं बरंचसं फ्लॅशवर हलत होतं. त्याआधीच्या पिढीचं जावा ॲप्लेट्सवर, आणि ब्राउझरांनी त्यांना २०१५च्या सुमारास दार बंद केलं होतं.

कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीचे नोबेल विजेते कार्ल वाइमन यांनी २००२मध्ये सुरू केलेल्या फेट प्रकल्पालाही हे भोगावं लागलं. त्यांची आभासी उपकरणं जगभर वापरली जातात. दोलक चंद्रावर किंवा गुरूवर नेऊन झुलवता येतो, मराठीतही अनेक उपकरणं आहेत. त्यांनी जावा आणि फ्लॅशमधली उपकरणं एकेक करून एचटीएमएल५मध्ये नव्याने लिहायला घेतली. ओलॅब्जलाही तोच रस्ता धरावा लागला. 'नव्याने लिहिणं' म्हणजे काय ते कळायला हवं. ब्राउझरमध्ये चालणारी फ्लॅशची फाइल ही शिजलेली खिचडी असते. तिच्यातून तांदूळ-डाळ परत वेगळे काढायचे, तर मूळ कामाची फाइल जपलेली हवी. ती करणारा मुलगा कंत्राट संपवून गेला, त्याच्या संगणकाची डिस्क पुसली, की खिचडी तेवढी उरते. त्यात मराठी शब्द जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात घातले असतील, तर मजकूरही हाती लागत नाही. असं पान दोनदा मरतं.

ज्यांच्यामागे संस्था होती, पगारी माणसं होती, सरकारचा किंवा देणगीदाराचा पैसा होता, ते तगले. कुठल्या शिक्षकाने सुट्टीत बसून केलेला पाचवीचा अपूर्णांकांचा खेळ, कुठल्या हौशी मंडळाने केलेलं आकाशदर्शनाचं चक्र, यांच्यामागे कुणी नव्हतं. इंटरनेट अर्काइव्हने त्या नोव्हेंबरात फ्लॅशच्या जुन्या वस्तू ब्राउझरमध्येच चालवून दाखवायची सोय केली, तिच्यामुळे काही वाचलं. अरविंद गुप्तांच्या पानांना मात्र काहीच झालं नाही. फोटो आणि दोन ओळी यांना मारायला तसं कुणी येत नाही.

आणि वेळ कशी, तर शाळा मार्चपासून बंद होत्या. पानांची सगळ्यात जास्त गरज होती त्याच वर्षी ती विझली. राज्यात दीक्षा व्यासपीठ होतं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले होते. पुस्तकांवर क्यूआर कोड लावण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच राबवली होती, आणि त्याच २०२०च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोड होता, त्याच्या मागे धडा होता. घरात फोन मात्र एक होता, आणि तो घेऊन बाप कामावर गेलेला होता.

*

आता त्या एक लाख ओव्या.

पुण्यात ऐंशीच्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. मुळशीच्या मावळी खेड्यांपासून सुरुवात झाली आणि काम राज्यभर पसरलं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बायकांकडून ऐकून हाताने उतरवून घेतलेल्या, मग विषयवार लावलेल्या ओव्या: माहेर, सासर, लेक, भाऊ, सीता, विठ्ठल, पाऊस. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. पिठाची गिरणी गावात आली की जातं थांबतं आणि जात्याबरोबर गाणं थांबतं, हे त्यांना दिसत होतं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक सोबत आले. त्यांनी यातल्या काही हजार ओव्यांचा आवाज डिजिटल टेपवर घेतला आणि सगळ्याची संगणकीय सूची बांधली. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, जात, विषय, तारीख. एकूण ओव्या लाखाच्या वर, गावं हजाराच्या वर.

गी पॉइतवाँ २००४मध्ये गेले, हेमाताई २०१०मध्ये. अशा संग्रहाचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कपाट, वाळवी, आणि मग एका शोकसभेत केलेला उल्लेख. इथे तसं झालं नाही, आणि त्याचं कारण फार रुक्ष आहे. ध्वनिमुद्रणांच्या प्रती गुरुग्रामच्या संगीत अभिलेखागारात होत्या, फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या भाषिक भांडारात होत्या. सूची अशी होती की दुसऱ्या माणसालाही ती उघडता यावी. पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया अर्थात 'पारी'ने हा संग्रह हाती घेतला आणि ८ मार्च २०१७पासून तो लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. ओवीचा मजकूर, आवाज, भाषांतर, गाणारीचा फोटो.

इथे 'ऱ्या' आड येतो. शहरातल्या वाचकाला वाटतं मजकूर चढवला की झालं. पण ओवीतली बाई ज्या माणसांबद्दल गाते, ती माणसं 'ऱ्या'नेच लिहिली जातात. एका नोंदीत 'शेजाऱ्या' एका पद्धतीने, दुसरीत दुसऱ्या, तिसरीत रफार होऊन 'शेजार्या'. तुम्ही शेजाऱ्याच्या सगळ्या ओव्या मागितल्या की संगणक तिसरा हिस्सा पुढे करतो आणि संपलं म्हणतो. शोधणाऱ्याला काय राहून गेलं हे कळतच नाही. वाळवीने खाल्लेलं पान निदान भोक दाखवतं.

पारीच्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली. टेपवरचे आवाज घेऊन ते त्याच गावांत परत गेले. वीस वर्षांपूर्वी गायलेल्या बायकांना त्यांनी शोधलं, त्यांच्या पुढ्यात तो आवाज वाजवला, त्यांचं चित्रीकरण केलं. काही जणी तोवर गेल्या होत्या, त्यांच्या लेकी-सुना भेटल्या. संकेतस्थळ संवादी असण्याचा इतका शब्दशः अर्थ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पान बनवायचं म्हणून माणसं परत गावात गेली.

पुण्याच्याच सीडॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली. तिच्यावर २०१४पासून राष्ट्रीय संग्रहालयांतल्या मूर्ती, नाणी, चित्रं नोंदली गेली. वाईच्या मराठी विश्वकोशाची गोष्ट आणखी जुनी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली १९६०पासून चाललेलं काम, पहिला खंड १९७६मध्ये, विसावा २०१५मध्ये. हे सगळे खंड आता वेबवर आहेत आणि ज्ञानमंडळांमार्फत नोंदी अद्ययावत करण्याचं काम सुरू झालं. विश्वकोशाच्या पानावर काही हलत नाही, पण दहावीतल्या मुलाने 'दोलक' शोधला तर भरवशाचं काहीतरी मिळतं. मराठीत ही चैनच आहे.

खारघरला परत येऊ. सिडकोने १९७०पासून जी नवी मुंबई वसवली ती ९५ गावांच्या जमिनीवर, भातखाचरांवर आणि मिठागरांवर. सीडॅकची इमारत, समोरचं स्टेशन, मागच्या सोसायट्या, सगळं त्याच जमिनीवर. त्या गावठाणांत आगरी घरचं लग्न असलं की धवलारीण येते. विधीविधीला धवला गाते, आणि कितीतरी ठिकाणी तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा झाला असं मानत नाहीत. धवले युट्यूबवर आहेत, बहुतेक लग्नाच्या व्हिडिओतून कापलेले, मागे बँड वाजतोय, पुढे जेवणाची गडबड. खाली कुणाच्या लग्नाचे आहेत ते लिहिलेलं असतं. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नसतं, आणि धवला हळदीचा की पाठवणीचा, तेही नसतं. मुळशीत चाळीस वर्षांपूर्वी या गोष्टी वहीत लिहून घेतल्या होत्या, पेन्सिलीने का असेना. खारघर स्टेशनापासून अशा एखाद्या घरी चालत जाता येतं. जायचं तर लग्नाच्या हंगामात, हळदीच्या आदल्या दिवशी गेलेलं बरं, तेव्हा धवलारणीला बोलायला वेळ असतो.